दुधाचे चाळीस हात

सुशीलाबाई बिरादार यांच्या उजव्या पायाला काही कळत नसे. काटा मोडला तरी नाही, चटका बसला तरी नाही. एकदा चपलेत खडा गेला. तो पायाखाली घेऊन त्या हैदराबादच्या कुकटपल्ली बाजारात गेल्या, भाजी आणली, भाकऱ्या टाकल्या, भांडी घासली. संध्याकाळी उंबऱ्यापाशी लाल ठसे दिसले तेव्हा त्यांनीच विचारलं, "अगंबाई, हे कुणाच्या पायाचं?"

"तुझ्याच," हिम्मतराव म्हणाले आणि त्यांना खाली बसवलं.

दुखणं जुनं होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पोटरीवर एक फिकट चट्टा आला. तो वाढला. मिशनच्या दवाखान्यात नेलं तेव्हा कुष्ठ निघालं. भालकीकडच्या भावकीतून निरोप आला, की बाईला माहेरी पोचवा आणि मोकळे व्हा. हिम्मतरावांनी उत्तर पाठवलं नाही. गोळ्या सहा वर्षं चालल्या. गोळी कडू नव्हती, पण रोज घ्यायची होती, आणि सहा वर्षांत एकही दिवस चुकला नाही. रोग गेला. पायाची जाणीव गेली होती, ती मात्र परत आली नाही.

हिम्मतराव कुकटपल्लीच्या एका रबर कारखान्यात कामगार होते. त्रेसष्ट साली आले तेव्हा रोलवर लागले. कच्च्या रबराचे गठ्ठे दोन रुळांमधून मळून काढायचं काम. पुढे प्रेसवर गेले. साच्यात माल भरायचा, दाब द्यायचा, घड्याळ बघायचं, साचा उघडायचा. गॅस्केट, वायसर, पंपाचे रबरी पडदे. एक मिनिट आधी उघडला तर माल कच्चा, एक मिनिट उशिरा तर जळका. बत्तीस वर्षांत त्यांच्या प्रेसचा माल परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तो खड्याचा दिवस चौऱ्याहत्तर सालचा. जखम अंगठ्याच्या मुळाशी होती. दीड महिना पाय प्लास्टरमध्ये राहिला. प्लास्टर काढताना डॉक्टरांनी सांगितलं, "इथेच परत फुटेल. पुढच्या वेळी अंगठा जाईल, त्याच्या पुढच्या वेळी पाऊल." त्यांनी दवाखान्याची चप्पल दिली. जाड काळा स्पंज, दोन रुंद पट्टे, मागे बंद. चप्पल चांगली होती. अडचण एवढीच, की ती चप्पल कुणाच्या पायात असते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

सुशीलाबाई बालवाडीत आया होत्या. चाळीस पोरांची नाकं पुसायची, त्यांना खिचडी वाढायची, निजवायचं. त्या चपलेत गेल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी बालवाडीत एक पोर आलं नसतं. पोरांच्या आयांना राग नसतो, भीती असते. सुशीलाबाईंनी चप्पल फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आणि साधी चप्पल घालून कामावर गेल्या.

हिम्मतराव त्यांच्याशी भांडले नाहीत. ते प्रेसवाले होते. दाब एका जागी पडला की गॅस्केट तिथेच फाटते, हे त्यांना माहीत होतं. पायाचंही तेच. दाब वाटून दिला पाहिजे. म्हणजे चपलेच्या आत एक मऊ तळवा पाहिजे, बाहेरून न दिसणारा, आणि तो ह्याच पायाच्या मापाचा पाहिजे.

त्यांनी कुंभाराकडून चिखल आणला, परातीत थापला आणि सुशीलाबाईंना त्यात उभं केलं. ठशात प्लास्टर ओतलं. निघाला तो पायाचा साचा. जिथे जखम झाली होती तिथे त्यांनी साच्यावर चिंचोक्याएवढं प्लास्टर वर चढवलं. साच्यावर उंचवटा असला की तळव्यात खळगा पडतो, आणि खळग्यावर भार येत नाही.

साचा जमला, पण माल जमेना. बाजारचा फोम पंधरा दिवसांत पापडासारखा झाला. सायकलच्या ट्यूबनं पायाला घाम सुटला. कारखान्यातलं रबर काळी पूड घातलेलं, तेलात आणि वाफेत टिकायला केलेलं. कातडीखाली ते दगडच. चार महिने गेले. मग त्यांना वेल आठवला.

कारखान्याच्या मागे, बॉयलरच्या भिंतीपलीकडे, एका जुन्या चिंचेवर तो चढला होता. म्हाताऱ्या मालकांनी तरुणपणी आफ्रिकेत झांझिबारला असताना त्याची रोपं आणली होती. आपलं रबर आपणच पिकवू, असा तेव्हाचा बेत. बाकीची रोपं मेली, एक जगलं. बुंध्याशी मांडीएवढं जाड, वर आकड्यांनी फांद्या धरत चिंचेच्या शेंड्यापर्यंत गेलेलं. पांढरी, जुईच्या घाटाची फुलं यायची आणि नंतर लहान मोसंबीएवढी पिवळी फळं. तेलुगू कामगार त्याला पालतीगा म्हणत, म्हणजे दुधाचा वेल. कुठेही ओरखडा काढला की पांढरं दूध यायचं. त्या दुधाचा उपयोग कारखान्यात एकच होता: सायकलला ठिगळ चिकटवायचं.

हिम्मतरावांनी पहाटे जायला सुरुवात केली. ऊन चढलं की दूध आटतं. चाकूनं तिरकी रेघ ओढायची, फक्त सालीत. लाकडाला पातं लागलं तर वेल दुखावतो. खाली करवंटी बांधायची. दूध नासू नये म्हणून स्टोअरमधल्या अमोनियाचे दोन थेंब. घरी आणून ते कुंचल्यानं साच्यावर लावायचं, जसा भिंतीला रंगाचा हात देतात तसा. एक हात वाळायला अर्धा दिवस. सकाळी एक, संध्याकाळी एक. पातळ लावला तर बुडबुडा येत नाही. जाड लावला की येतो, आणि जिथे बुडबुडा तिथे तळवा फुटतो. चाळीस हात झाले की बोटाच्या अर्ध्या पेराएवढी जाडी मिळायची. मग नारळाच्या सोडणाच्या धुरावर दोन दिवस. चिकटपणा मरतो आणि रंग गुळासारखा होतो. बावीस दिवसांचं काम, एक तळवा. तो सहा महिने टिकायचा. टिकतोय तोवर दुसरा सुरू करायचा.

तळवा चपलेत बसवला, वर साधं कापड चिकटवलं. कुणाला काही दिसलं नाही.

रोज संध्याकाळी सुशीलाबाई बालवाडीतून आल्या की हिम्मतराव त्यांचा पाय धुवायचे, पुसायचे आणि मांडीवर घ्यायचे. बोटांच्या फटी बघायच्या. मग हाताची उलटी बाजू तळपायावर फिरवायची. जखम व्हायच्या आधी ती जागा गरम होते. पायाला कळत नाही, पण हाताला कळतं.

"शेजारची भामा विचारत होती," सुशीलाबाई एकदा म्हणाल्या, "तुमचे मालक रोज तुमच्या पाया पडतात का म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, हौ. नवस बोललेत."

एकवीस वर्षं पाय फुटला नाही.

एक्याण्णवनंतर दिवस पालटले. बाहेरचा माल सुटला. कोरियाहून आलेले वायसर गुळगुळीत, एकसारखे, प्लास्टिकच्या डब्यात ओळीनं लावलेले. म्हातारे मालक वारले होते. तीन पाळ्यांची एक पाळी झाली. पंच्याण्णवच्या श्रावणात मालकांच्या मुलांनी कामगारांना बोलावून सांगितलं, की जागा विकली आहे, इथे फ्लॅट होणार, स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सह्या करा. दसऱ्यानंतर आवार मोकळं करून द्यायचं होतं.

सगळ्यांनी सह्या केल्या. हिम्मतरावांनीही केली आणि ते उठून मागच्या बाजूला गेले. बॉयलर बंद होता. वेल होता तसा होता. चिंचेच्या वर पिवळी फळं लटकली होती. त्यांनी मनात मोजलं: सुशीलाच्या पायात एक तळवा, घरी डब्यात एक. म्हणजे एक वर्ष. पुढे काय?

फाटकावरचा पहारेकरी यादगिरी नव्या मालकानं कामावर ठेवून घेतला होता. हिम्मतरावांचा जुना दोस्त. त्याला त्यांनी विचारलं, "मी सकाळचा येत जाऊ का रे? गुट्या बांधायच्यात."

"आव ना रावसाब," यादगिरी म्हणाला. "मेरा क्या जाता? पन बुलडोझर आया तो मेरेकू मत बोलो."

हिम्मतराव शेतकऱ्याच्या घरात वाढलेले. डाळिंबाची, लिंबाची गुटी त्यांना लहानपणापासून येत होती. फांदीची साल बांगडीएवढी काढायची, ओली माती बांधायची, वरून प्लास्टिक. पावसाळ्यात दीड महिन्यात मुळं फुटतात. मग फांदी कापून कुठेही लावा. दिवस पुरेसे होते. पण वेल दुधाचा होता. साल काढली की दूध यायचं, त्याची जखमेवर साय धरायची, आणि माती सालीला लागायचीच नाही.

त्यांना गावाकडची गोष्ट आठवली. म्हैस दुसऱ्या गावी न्यायची असली की आधी पूर्ण पिळून घ्यायची. भरल्या कासेनं चालवली तर कास सुजते, जनावर हातचं जातं. वडील हे नेहमी सांगत. हिम्मतरावांनी ठरवलं, वेल आधी रिकामा करायचा. दूध थांबलं की गुट्या बांधायच्या. शिवाय निघालेल्या दुधाचे तळवे होतील. दोन्ही कामं एकात.

चार दिवस ते पहाटेपासून दुपारपर्यंत वेलावर होते. शिडी लावून वरपर्यंत चढले. रोज एका फांदीवर एक रेघ ओढायचा त्यांचाच नियम होता. त्या चार दिवसांत त्यांनी प्रत्येक फांदीवर पाच-पाच ओढल्या. करवंट्या कमी पडल्या, तेव्हा घरचे पेले आणले. चौथ्या दिवशी रेघेतून थेंब येईना. ते समाधानानं खाली उतरले. मग अकरा चांगल्या फांद्या निवडून त्यांनी अकरा गुट्या बांधल्या. गाठ अशी, की ओढली तर घट्ट व्हावी. एकेक गुटी दोन दिवसांनी ओली करायला जायचे. घरी साच्यावर हात चालूच होते. साचा एकच, म्हणून एकामागून एक असे दिवाळीपर्यंत तीन तळवे झाले.

पंचेचाळिसाव्या दिवशी त्यांनी पहिली गुटी सोडली. आत माती काळी, ओली, जशी बांधली तशी. मूळ नव्हतं. दुसरी सोडली. तिसरी. सालीची कड कोरडी पडली होती, पापुद्रा हाताला येत होता. अकराव्या गुटीपर्यंत ते थांबले नाहीत. अकरावीतही काही नव्हतं. मग त्यांनी वर पाहिलं. चिंच हिरवी होती. वेलाची पानं पिवळी पडून गळत होती.

घरी येऊन त्यांनी चहा घेतला नाही. सुशीलाबाईंनी विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. चार दिवसांच्या रेघा, म्हैस, गुट्या, सगळं.

सुशीलाबाईंनी तांदूळ निवडणं थांबवलं. "म्हणजे अंगातलं सगळं दूध काढून घेतलंत आणि मग म्हणालात, आता पोर दे?"

हिम्मतरावांनी तांदळातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"बाळंतिणीला डिंकाचा लाडू देतात हो. तुम्ही तिला उपाशी उभी केली."

"वेल म्हणजे काय म्हैस नव्हे, हे कळायला पाहिजे होतं मला," हिम्मतराव म्हणाले. "बत्तीस वर्षं रबरात काढली."

"रबरात काढली. वेलात कुठे काढली?"

हे खरं होतं. मग सुशीलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि त्यांच्या हाताकडे बघितलं. अमोनियानं बोटांची कातडी सोलली होती, तळहाताला दुधाचे काळे डाग होते. त्यांनी खोबरेल आणलं आणि त्या हातांना लावायला बसल्या.

दसरा झाला. चौथ्या दिवशी दुपारी यादगिरी सायकलवरून घरी आला. दारातूनच म्हणाला, "कल सुबा मशीन आरा. जो लेना है आजिच लेव. वैनी, सलाम."

हिम्मतराव म्हणाले, "घ्यायला काय राहिलंय आता?"

"मी येते," सुशीलाबाई म्हणाल्या.

"तू?"

"एकवीस वर्षं त्याच्यावर चालतेय. मी त्याला बघितलंय तरी का?"

बायकांना कारखान्यात जायची सोय नव्हती, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. त्या निघाल्या. यादगिरीनं फाटक उघडलं. प्रेस गेलेल्या शेडमध्ये जमिनीवर नुसते बोल्ट उरले होते. हिम्मतरावांनी बोट दाखवून सांगितलं, "इथे मी उभा असायचो." सुशीलाबाईंनी ती जागा नीट बघितली. मग दोघं मागे गेले.

वेल अर्धा उघडा झाला होता. खोडावर तिरक्या रेघांचे शेकडो व्रण होते, जुने करडे, नवे तपकिरी. सुशीलाबाई जवळ गेल्या आणि व्रणांवरून हात फिरवू लागल्या. हिम्मतरावांना वाटलं, आता त्या परत म्हशीचं काढतील. पण त्या मान वर करून म्हणाल्या, "अहो, फळं किती आहेत!"

पानं गळाली होती म्हणून फळं जास्तच दिसत होती.

"खातात ही?"

"हौ. सगळे खायचे. आंबट असतं."

"आणि घरी एक आणलं नाहीत कधी."

एकवीस वर्षं हिम्मतराव पहाटे इथे येत, खाली बघून रेघ ओढत आणि करवंटी घेऊन जात. फळ हे दुसऱ्यांच्या जेवणाच्या सुट्टीतलं काम, असं त्यांच्या मनात बसलं होतं. त्यांनी काठीनं चार-पाच फळं पाडली. सुशीलाबाईंनी एक भिंतीवर आपटून फोडलं. आत नारिंगी गर, त्यात मोठाल्या बिया. त्यांनी गर तोंडात घातला, डोळे मिटले, दोन्ही खांदे वर गेले.

"काय गं?"

"चिंच आणि आंबा भांडतायत."

त्यांनी आणखी एक फोडलं. मग बोलायला गेल्या आणि तोंड उघडेना. सालीतलं दूध ओठांना लागून वाळलं होतं. ओठ चिकटले. त्यांनी घाबरून हिम्मतरावांकडे बघितलं. यादगिरी हसत खालीच बसला. "वैनी, ये पहले दिन सबकू होता! अब रावसाब कू थोडा आराम!"

तेलाशिवाय ते निघत नाही, आणि तेल तिथे नव्हतं. हिम्मतरावांनी इकडेतिकडे बघितलं. मग सुशीलाबाईंच्या भांगात सकाळी घातलेलं खोबरेल होतं, ते बोटानं पुसून घेतलं आणि ओठांच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हलक्या हातानं लावलं. दोनदा लावावं लागलं. यादगिरी तोंड फिरवून चिंचेकडे बघू लागला.

ओठ सुटल्यावर सुशीलाबाईंनी पहिलं काम केलं ते तोंडातल्या बिया तळहातावर काढायचं. बाकीची फळंही फोडली. चौदा बिया निघाल्या. बालवाडीत त्या कुठलंही बी टाकत नसत. पोरांना मोजायला लागतं. त्यांनी त्या पदराच्या टोकाला बांधल्या.

"बियांपासून लावलं तर दूध यायला सात वर्षं," हिम्मतराव म्हणाले. "निदान."

"येऊ देत की."

"आणि तोवर?"

सुशीलाबाईंनी पदराची गाठ ओढून घट्ट केली. "तोवर तुम्ही आहात."

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. हिम्मतराव गेले नाहीत. घरी बसून तेलाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडत होते.

चौदापैकी नऊ उगवल्या. उन्हाळ्यानंतर चार राहिल्या. त्यांना ते सकाळ-संध्याकाळ पेल्यानं पाणी घालत, जास्त नाही, कमी नाही. पण ती रोपं अजून हातभरच होती, आणि डब्यातले तळवे झिजत होते. एकूण पाच होते. झाले चार, मग तीन. शेवटचा उरला तेव्हा सत्याण्णवचा श्रावण होता. त्यांनी साचा टॉवेलमध्ये गुंडाळला, पिशवीत घातला आणि मिशनच्या दवाखान्याची बस धरली. बावीस-तेवीस वर्षं त्यांनी तिथल्या कुणाला तळव्याबद्दल सांगितलं नव्हतं. चप्पल दिली असताना ती वापरली नाही, हे सांगायची लाज वाटत होती.

पायांच्या विभागात एक नवीन बाई होत्या, अनुराधा. पुण्याच्या. नवऱ्याची कॉम्प्युटरमधली नोकरी हैदराबादला आली म्हणून त्या आल्या होत्या. हिम्मतरावांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि साचा बाहेर काढला. शेजारी जुना झिजलेला तळवा ठेवला. काय बोलायचं ते पाठ करून आले होते, ते विसरले.

अनुराधा साचा हातात घेऊन फिरवत राहिल्या. उंचवट्यावर अंगठा ठेवला. "काका, हे कुणी केलं?"

"मीच."

"कुठे शिकलात?"

"गॅस्केटच्या कारखान्यात."

"आणि पाय? पाय कसा आहे?"

"चौऱ्याहत्तरनंतर फुटला नाही."

अनुराधांनी हातातला साचा हळू खाली ठेवला, काच ठेवतात तसा. "आमच्याकडे चप्पल वापरणाऱ्यांचे दर वर्षी फुटतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही अजून काय करता?"

हिम्मतरावांनी संध्याकाळचं सांगितलं. पाणी, फटी, हाताची उलटी बाजू. अनुराधा वहीत लिहून घेऊ लागल्या, तसे ते अवघडले. मग त्या उठल्या आणि कपाटातून पांढऱ्या जाड शीटचे आठ-दहा तुकडे काढून दिले. आता असा मऊ माल बाजारात मिळतो, गरम केला की हवा तो आकार घेतो, असं सांगितलं. "बाहेरून साध्या चपलेत बसेल. दुधाची गरज नाही, काका. साचा तुमच्याकडे आहे."

हिम्मतरावांनी शीट वाकवली, नखानं दाबली, वास घेतला. माल चांगला होता. त्यांना थोडं वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचं आश्चर्यही वाटलं.

घरी स्टोव्हवर पत्र्याचा डबा ठेवून त्यांनी भट्टी केली. पहिली शीट जळली. दुसरी आखडली. तिसरी साच्यावर बसली. वर वाळूची पोती ठेवून ती गार होऊ दिली. कापली, घासली, चपलेत बसवली. ती घालून सुशीलाबाई तीन दिवस बालवाडीला गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी हाताला ऊब लागली.

"उद्या जायचं नाही," हिम्मतराव म्हणाले.

"उद्या खिचडीला कुणी नाही. दुसरी आया, गंगू, रजेवर आहे."

"नाही म्हणजे नाही."

सुशीलाबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गंगूलाच रजा मोडून यायचा निरोप पाठवला. आठ दिवस त्या खाटेवर बसून होत्या. हिम्मतराव साच्याशी बसले. वेलाचा तळवा पायाबरोबर हळूहळू खचायचा आणि बसायचा. हा माल खचत नव्हता. म्हणजे आधीचा खळगा पुरत नव्हता. त्यांनी उंचवटा चिंचोक्याचा सुपारीएवढा केला, कडा कानशीनं घासून उतरत्या केल्या, परत शीट तापवली. घरातल्या घरात थोडं चालवून बघितलं, तर ह्या वेळी टाच गरम आली. टाचेची कड उतरवली. परत तापवली. सहावी शीट. सातवी.

"दुकानातला माल इतका हट्टी असतो होय?" सुशीलाबाई खाटेवरून म्हणाल्या.

"माल नाही हट्टी. माप चुकतंय."

"माझं?"

"माझं."

आठव्या शीटच्या तळव्यावर त्या घरात चालल्या. पहिल्या दिवशी शंभर पावलं, दुसऱ्या दिवशी तीनशे. हिम्मतरावांनी प्रत्येक वेळी पाय बघितला. पाचव्या दिवशी बालवाडीला जायची परवानगी मिळाली. ते मागोमाग गेले, वीस पावलं अंतर ठेवून. पाऊल कसं पडतंय, टाच आधी की बोटं, एवढंच बघत. बालवाडीच्या दारात पोरांनी सुशीलाबाईंना गराडा घातला. एक जण साडीला लोंबकळला, दुसरा त्यांच्या उजव्या पायावर उभाच राहिला. हिम्मतराव रस्त्यावरून ओरडणार होते. ओरडले नाहीत. सुशीलाबाईंनी त्या पोराला काखेत धरून उचललं आणि आत गेल्या.

दिवसभर त्यांना घरी बसवेना. दुपारी चारांपैकी दोन रोपं त्यांनी दवाखान्यात नेऊन अनुराधांच्या परवानगीनं कुंपणाशी लावली. तिथे एक कडुनिंब होता, चढायला बरा. खड्डा हातभर खोल खणला, दगड वेचून काढले, आळं केलं. एका शिपायानं विचारलं, ह्याचं काय होतं? ते म्हणाले, "फळ येतं." एवढंच सांगून ते बस पकडायला गेले.

साडेपाचला सुशीलाबाई आल्या. पाय धुतला, पुसला, मांडीवर घेतला. हिम्मतरावांनी फटी बघितल्या. मग हात उलटा करून तळपायावर ठेवला. अंगठ्याचं मूळ. मधला उंचवटा. बाहेरची कड. टाच. सगळीकडे सारखंच गार. त्यांनी डावा पायही घेतला आणि दोन्ही पायांवर एकेक हात ठेवून पारखलं. परत उजवा घेतला. पहिल्यापासून परत बघितला.

सुशीलाबाई पुढे वाकल्या. "काय आहे?"

"काही नाही."

"नक्की?"

"काही म्हणजे काही नाही."

"मग सोडा की पाय. कणीक मळायची आहे अजून."

"थांब," हिम्मतराव म्हणाले आणि पाय तसाच धरून बसले.